वास्तववाद, उदारमतवाद, रचनावाद : यांतला खरा कोणता?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून, घरची शेती सांभाळून राज्यशास्त्रात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले आहे की, आंतरराष्ट्रीय संबंधांचे सिद्धांत वाचताना जो सिद्धांत हातात असतो तोच पटतो. वास्तववाद वाचला की सगळे सत्तेवर चालते असे वाटते, उदारमतवाद वाचला की व्यापार आणि संस्था महत्त्वाच्या वाटतात, रचनावाद वाचला की हे सगळे परस्परांच्या समजुतींवर उभे आहे असे वाटू लागते. मग यांतला खरा कोणता, उत्तरपत्रिकेत कोणाची बाजू घ्यावी, आणि कौटिल्याचा आधार दिला तर तो ग्राह्य धरतात का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. मी विदर्भातल्याच एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात हा विषय बरीच वर्षे शिकवत आलो आहे, त्यामुळे वर्गात ज्या पद्धतीने हा गुंता सोडवतो त्याच पद्धतीने उत्तर देतो.

खरी अडचण तुम्ही मांडली आहे त्याच्या थोडी अलीकडे आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या गाईडमध्ये प्रत्येक सिद्धांताचे एकच ठरलेले रूप असते : अर्थ, प्रमुख विचारवंत, वैशिष्ट्ये, टीका आणि मूल्यमापन. एक संपला की दुसरा सुरू होतो. वास्तववादावरची टीका पाच मुद्द्यांत वाचून झाली की पुढच्या पानावर उदारमतवाद येतो, पण हे दोन सिद्धांत एकाच घटनेवर समोरासमोर उभे केलेले कुठेच दिसत नाहीत. प्रत्येक जण आपल्या सोयीची उदाहरणे घेऊन येतो, आणि सोयीच्या उदाहरणांवर कोणताही सिद्धांत पटतोच. तुमचा गोंधळ वाचनाच्या कमतरतेतून आलेला नाही, या मांडणीतून आलेला आहे.

तुमचा उद्देश काय, यावर उत्तराचा काही भाग नक्कीच अवलंबून आहे. नेट किंवा सेटसाठी नावे, साले आणि संकल्पना तोंडपाठ लागतात. तिथे कोणाची बाजू घेण्याचा प्रश्नच येत नाही. एम.ए.च्या दीर्घोत्तरी प्रश्नात तुलना करता आली पाहिजे. पुढे संशोधन करायचे असेल तर मात्र एक भूमिका घ्यावी लागते आणि ती पुराव्याने सांभाळावी लागते. मी पुढे लिहितो ते मुख्यतः दुसऱ्या आणि तिसऱ्या गरजेसाठी आहे.

सगळ्यांत आधी एक सोपे उत्तर बाजूला ठेवू या. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट सांगून, प्रत्येक सिद्धांताला सत्याचा एकेक भाग सापडला आहे असे म्हणण्याची पद्धत आहे. मला ती मान्य नाही, कारण त्या गोष्टीत कोणीच पूर्णपणे चुकत नाही. सिद्धांत मात्र चुकतात, आणि चुकू शकतात म्हणूनच त्यांना सिद्धांत म्हणायचे. शीतयुद्धाचा शेवट कसा होईल हे बहुतेक वास्तववादी अभ्यासकांना आधी सांगता आले नाही. सोव्हिएत संघासारखी महासत्ता पूर्व युरोपवरची पकड १९८९ मध्ये मोठ्या युद्धाशिवाय सोडून देईल, हे त्यांच्या हिशोबात बसणारे नव्हते. दुसरीकडे, व्यापाराने जोडलेली राष्ट्रे एकमेकांशी लढणार नाहीत हा विश्वास युरोपात अनेकांना असतानाच १९१४ चे महायुद्ध पेटले. प्रत्येकाचे थोडे थोडे बरोबर आहे असे म्हणून या दोन अपयशांवरून पुढे जाता येत नाही.

माझे म्हणणे असे आहे की, या सिद्धांतांमधले मतभेद दोन जातींचे आहेत. काही ठिकाणी ते भांडताना दिसतात, पण प्रत्यक्षात वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात. काही ठिकाणी मात्र प्रश्न एकच असतो आणि उत्तरे एकमेकांना छेद देतात. निवड फक्त दुसऱ्या जातीच्या मतभेदात करायची असते. ही वर्गवारी न करता निवड करायला बसले की जो सिद्धांत वाचावा तो पटणारच.

पहिल्या जातीचे उदाहरण म्हणून भारताच्या अणुचाचण्या घ्या. वास्तववादी अभ्यासक केनेथ वॉल्ट्झ यांनी १९५९ मध्ये युद्धाची कारणे तीन पातळ्यांवर शोधली होती : माणूस, राज्यसंस्था आणि राष्ट्रांची एकूण व्यवस्था. १९७९ मध्ये त्यांनी तिसऱ्या पातळीवरच सगळा भर दिला. राष्ट्रांच्या वर कोणतेही सरकार नाही, त्यामुळे प्रत्येकाला आपले रक्षण आपणच करावे लागते, आणि सत्तेची वाटणी कशी झाली आहे यावर राष्ट्रांचे वर्तन ठरते, हा त्या नववास्तववादाचा गाभा. या नजरेने पाहिले तर १९६२ चे युद्ध आणि ऑक्टोबर १९६४ मधली चीनची अणुचाचणी यांनंतर भारत अण्वस्त्राकडे वळणार हे समजते. पण मग १९७४ नंतर थेट १९९८ का? मधल्या काळात चीन तसाच होता आणि पाकिस्तानचा कार्यक्रमही पुढे सरकत होता. १९९५ च्या अखेरीस पोखरणमध्ये सुरू असलेली तयारी अमेरिकी उपग्रहांना दिसली आणि अमेरिकेच्या दबावानंतर चाचणी टळली. मे १९९८ मध्ये मात्र ती झाली. एकूण व्यवस्थेवर बोट ठेवून या तारखांचे स्पष्टीकरण मिळत नाही.

तारखेचे उत्तर दुसरीकडे आहे. १९९५ मध्ये अण्वस्त्र प्रसारबंदी कराराला बेमुदत मुदतवाढ मिळाली आणि १९९६ मध्ये सर्वंकष चाचणीबंदी करार सह्यांसाठी खुला झाला, त्यामुळे दार बंद होत चालल्याची भावना दिल्लीत तयार झाली; म्हणजे आंतरराष्ट्रीय नियमांनीच निर्णयाची घाई निर्माण केली. मार्च १९९८ मध्ये सत्तेवर आलेल्या सरकारने अण्वस्त्रांचा उल्लेख आपल्या कार्यक्रमात आधीच केलेला होता. हे देशांतर्गत राजकारण. आणि १ जानेवारी १९६७ पूर्वी स्फोट केलेले देश तेवढे मान्य, बाकीचे अमान्य, ही विभागणी भारताला सुरक्षेइतकीच प्रतिष्ठेच्या दृष्टीने खुपत होती; हे ओळखीचे आणि दर्जाचे राजकारण, ज्याकडे रचनावाद लक्ष वेधतो. यांत भांडण कुठेच नाही. दबाव कशाचा होता याचे उत्तर एक सिद्धांत देतो, तो दबाव कधी आणि कोणत्या रूपात फळाला आला याचे उत्तर दुसरे देतात. वॉल्ट्झ यांनी स्वतःच बजावले होते की आपला सिद्धांत कोणा एका देशाच्या परराष्ट्र धोरणाचा सिद्धांत नाही. तेव्हा १९९८ ची तारीख त्यांना सांगता येत नाही म्हणून त्यांना नापास करणे हा अन्याय आहे, आणि ही चूक मला उत्तरपत्रिकांत वारंवार दिसते.

आता दुसऱ्या जातीकडे येतो, आणि इथे थोडे रेंगाळायची परवानगी घेतो. आपल्या भागात हा विषय शिकवायला कापसाइतके चांगले उदाहरण नाही. ज्याच्या घरी कापूस वेचला जातो त्या मुलाला भाव का पडला हा प्रश्न समजावून द्यावा लागत नाही. फक्त त्या भावाची दोरी बाजार समितीच्या आवाराबाहेर कुठपर्यंत जाते, हे दाखवावे लागते.

अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना मोठी अनुदाने देत आली आहे. त्यामुळे जागतिक बाजारात रुईचे दर दबतात, अशी तक्रार ब्राझीलने सप्टेंबर २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या तंटा निवारण यंत्रणेपुढे नेली. त्या खटल्यात भारतही तिसरा पक्ष म्हणून सहभागी होता. २००४ मध्ये तज्ज्ञ मंडळाने आणि मार्च २००५ मध्ये अपील मंडळाने प्रमुख मुद्द्यांवर ब्राझीलच्या बाजूने निर्णय दिला. अमेरिकेने २००६ मध्ये एक योजना बंद केली, पण अनुदानांचा मोठा भाग तसाच ठेवला. २००९ मध्ये ब्राझीलला प्रत्युत्तर देण्याची परवानगी मिळाली आणि त्यात अमेरिकी कंपन्यांच्या बौद्धिक संपदा हक्कांवर बंधने आणण्याची मुभाही होती. पुढच्याच वर्षी अमेरिकेने ब्राझीलच्या कापूस क्षेत्रासाठी दर वर्षी १४.७३ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले, आणि २०१४ मध्ये एकरकमी ३० कोटी डॉलर देऊन तंटा मिटवला.

त्याच काळात बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या चार गरीब देशांनीही हाच प्रश्न २००३ मध्ये संघटनेपुढे मांडला. माली आणि बुर्किना फासो यांच्या राष्ट्राध्यक्षांनी तर अमेरिकेतल्या वृत्तपत्रात लेख लिहून दाद मागितली. त्यांना सहानुभूती मिळाली, ठराव मिळाले, २०१५ च्या नैरोबी परिषदेत कापसावरच्या निर्यात अनुदानांबाबत निर्णयही झाला. परंतु ब्राझीलला मिळाली तशी भरपाई त्यांच्या वाट्याला आली नाही.

इथे प्रश्न एकच आहे : आंतरराष्ट्रीय नियमांना स्वतःचे काही वजन आहे का, की बलवानांच्या मर्जीचेच ते दुसरे रूप आहे? जॉन मिअरशायमर यांच्यासारखे वास्तववादी म्हणतात, नियम सत्तेचे प्रतिबिंब तेवढे असतात. रॉबर्ट कोहेन यांच्यासारखे संस्थावादी, म्हणजे संस्थांवर भर देणारे उदारमतवादी, म्हणतात, राष्ट्रे स्वार्थीच असतात हे मान्य, पण नियमांमुळे माहिती मिळते, फसवणूक उघड होते, वचनभंगाची किंमत वाढते आणि म्हणून वर्तन बदलते. दोघांचेही खरे असू शकत नाही, निदान पूर्णपणे नाही. तेव्हा इथे तपासणी करावी लागते, आणि तपासणीची माझी पद्धत अशी की एक गोष्ट स्थिर ठेवायची आणि दुसरी बदललेली प्रकरणे शेजारी ठेवायची.

नियम तोच, पण ताकद वेगळी, अशी जोडी ब्राझील आणि ते चार आफ्रिकी देश यांची. निकाल वेगळे लागले. पलटवार करता येईल एवढी बाजारपेठ ब्राझीलकडे होती, चाडकडे नव्हती. हा पुरावा वास्तववादाच्या बाजूचा आहे. आता ताकद साधारण तीच, पण नियम वेगळा, अशी जोडी शोधा. १९९५ पूर्वीच्या, गॅट या व्यापार कराराच्या व्यवस्थेत तज्ज्ञ मंडळाचा अहवाल स्वीकारण्यासाठी सर्वांची संमती लागत असे, म्हणजे हरलेला देशही तो अडवू शकत होता. जागतिक व्यापार संघटना आली तेव्हा हा नियम उलटा झाला : अहवाल नाकारण्यासाठी सर्वांची संमती लागू लागली. जुन्या व्यवस्थेत ब्राझीलचा निकाल अमेरिकेला पहिल्याच पायरीवर रोखता आला असता. नव्या व्यवस्थेत तिला पैसे मोजावे लागले. हा पुरावा संस्थावादाच्या बाजूचा आहे, आणि तो कच्चा नाही. तिसरी गोष्ट त्यानंतर घडली. अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवून धरल्यामुळे डिसेंबर २०१९ पासून अपील मंडळ कामच करू शकत नाही. ज्या यंत्रणेने अमेरिकेला झुकवले, तीच यंत्रणा अमेरिकेने थांबवून ठेवली.

हे तिन्ही पुरावे एकत्र ठेवले तर माझा निष्कर्ष असा होतो : नियम निकाल बदलतात, पण ज्याच्याकडे उलट फटका देण्याची थोडी तरी ताकद आहे त्याच्यासाठीच, आणि बलवानाला ती व्यवस्था टिकवण्यात रस आहे तोपर्यंतच. हे दोन्ही बाजूंना खूश ठेवणारे वाक्य नाही. मिअरशायमर यांच्या टोकाच्या विधानाला ते नाकारते, आणि संस्था आपल्या बळावर दुर्बलांचे रक्षण करतात या आशेलाही नाकारते. तुम्ही वेगळा निष्कर्ष काढू शकता. मात्र तो काढताना या तीन पुराव्यांपैकी कोणता तुमच्या विरोधात जातो हे सांगा आणि त्याचे उत्तर द्या. परीक्षकाला एवढे दिसले तरी तुम्ही कोणाची बाजू घेतली याने फारसा फरक पडत नाही.

याच प्रकरणात बाकीचे सिद्धांत कुठे येतात, तेही पाहून घ्या. अवलंबित्व सिद्धांत म्हणेल की तुम्ही खटल्याचा निकाल पाहता, पण बेनिन किंवा चाडसारख्या देशांच्या निर्यातीत कापसाला एवढे स्थान का आले, हे विचारत नाही. अर्थतज्ज्ञ राउल प्रेबिश आणि हान्स सिंगर यांनी १९५० च्या सुमारास मांडले की, कच्चा माल विकून पक्का माल घेणाऱ्या देशांची व्यापारातली बाजू दीर्घकाळात पडत जाते. वऱ्हाडच्या विद्यार्थ्याला हे वाचायला लॅटिन अमेरिकेत जावे लागत नाही. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धात इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा पुरवठा तुटला तेव्हा इथल्या कापसाला एकदम मागणी आली. युद्ध संपले तसे भाव कोसळले. आणि १८७० मध्ये खामगावच्या बाजारापर्यंत रेल्वे आली ती प्रामुख्याने गाठी बंदरापर्यंत नेण्यासाठी. हा वेगळ्या, अधिक लांब पल्ल्याच्या प्रश्नाचा शोध आहे आणि वास्तववादी त्याला सहसा हातच घालत नाहीत. रचनावादी अभ्यासक आणखी एक गोष्ट दाखवेल : एके काळी केवळ घरगुती शेती धोरण मानले जाणारे अनुदान २००३ पर्यंत गरीब देशांवरचा अन्याय म्हणून बोलले जाऊ लागले, आणि असे बोलले जाऊ लागल्यामुळेच त्यावर ठराव होऊ शकले. रचनावादी अभ्यासक अलेक्झांडर वेंट यांचे म्हणणे यापेक्षा खोल आहे. ब्रिटनची पाचशे अण्वस्त्रे अमेरिकेला उत्तर कोरियाच्या पाच अण्वस्त्रांपेक्षा कमी भीतिदायक वाटतात, हे त्यांचे प्रसिद्ध उदाहरण. म्हणजे शस्त्रांची मोजदाद पुरेशी नाही, ती कोणाच्या हातात आहेत आणि त्याच्याशी आपले नाते काय, हे आधी ठरते. या मुद्द्यावर रचनावाद आणि नववास्तववाद यांचा मतभेद खरा आहे, वरवरचा नाही.

आता सरावाबद्दल. वर्गात मी वर्तमानपत्रातला परराष्ट्र धोरणावरचा एखादा अग्रलेख घेतो आणि त्यातल्या ‘कारण’, ‘त्यामुळे’, ‘म्हणून’ या शब्दांखाली रेघ मारायला सांगतो. रेघ मारलेल्या प्रत्येक वाक्यात लेखकाने कोणता सिद्धांत गृहीत धरला आहे, ते समासात लिहायचे. ‘शेजारी बळकट होत असल्यामुळे’ अशा वाक्यापुढे सत्तासंतुलन येते, ‘निवडणुका जवळ आल्यामुळे’ यापुढे देशांतर्गत राजकारण, ‘जगातली प्रतिमा जपण्यासाठी’ यापुढे ओळख आणि दर्जा. बहुतेक अग्रलेखांत तिन्ही सापडतात आणि लेखकाने ती एकमेकांत कधी मिसळली, हे त्याने कुठेही सांगितलेले नसते. थोडे दिवस हे केले की सिद्धांत पाठ करण्याची गरज बरीच कमी होते.

तुम्हाला एक प्रकरण मी मुद्दाम देतो, कारण ते घराजवळचे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे अतिरिक्त आयात शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले. त्याच महिन्यात भारत सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत स्थगित केले. वस्त्रोद्योगाला रुई स्वस्त मिळावी हा त्यामागचा हेतू सांगितला गेला. शेतकरी संघटनांनी ऐन हंगामाच्या तोंडावर भाव पडतील म्हणून विरोध केला. आता लिहा : हे बाहेरच्या दबावाचे स्पष्टीकरण आहे, की गिरणी आणि शेत यांच्यातल्या देशांतर्गत ताकदीचे? राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पुटनम यांनी १९८८ मध्ये मांडलेली दुहेरी पातळीवरच्या डावाची कल्पना, म्हणजे प्रत्येक सरकार एकाच वेळी परदेशाशी आणि आपल्याच घरातल्या गटांशी वाटाघाटी करत असते, ती इथे उपयोगी पडेल. दोन्ही स्पष्टीकरणे लिहून झाली की स्वतःला विचारा, कोणती माहिती मिळाली असती तर यातले एक खोटे ठरले असते. त्या माहितीचे नाव सांगता आले नाही, तर मतभेद पहिल्या जातीचा आहे असे समजा.

राहिला कौटिल्य. आधार जरूर द्या, पण ‘भारताचा मॅकियाव्हेली’ एवढेच लिहून सोडू नका. त्याच्या ‘अर्थशास्त्र’ या ग्रंथाच्या सहाव्या अधिकरणात, म्हणजे विभागात, राज्याच्या सात प्रकृती, म्हणजे घटक, सांगितले आहेत : स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र. सैन्य म्हणजे दंड हा त्यातला सहावा, आणि त्याच्या आधी जनपद म्हणजे भूमी आणि प्रजा येते. सत्तेचे मोजमाप करताना शेतीभातीचा आणि खजिन्याचा हिशोब आधी आहे. मंडल म्हणजे भोवतालच्या राजांच्या वर्तुळाच्या कल्पनेत लगतचा राजा सहसा अरी म्हणजे शत्रू आणि त्याच्या पलीकडचा मित्र ठरतो, म्हणजे तिथे शत्रुत्वाचा आधार भूगोल आहे. वॉल्ट्झ यांच्याकडे हा आधार सत्तेच्या वाटणीत आहे. त्यात शेजारी असण्याला वेगळे स्थान नाही. सातव्या अधिकरणातले षाड्गुण्य, संधी म्हणजे तहापासून द्वैधीभावापर्यंतची (एकाशी तह, दुसऱ्याशी युद्ध) सहा धोरणे, हे राजाने काय करावे याचे मार्गदर्शन आहे; राष्ट्रे तसे का वागतात याचे स्पष्टीकरण देण्याचा दावा त्यात नाही. हे तीन फरक उत्तरात आले, तर कौटिल्याचा उल्लेख अभिमानापोटी केलेला वाटणार नाही, तुलनेचा भाग वाटेल, आणि दक्षिण आशियावरच्या प्रश्नात तर तो मंडलाच्या भूगोलामुळे वॉल्ट्झ यांच्याइतकाच कामाला येईल.